उजवे-डावे

साठ किलो हा आकडा आम्हांस फार प्रिय होता. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी बाकावर उताणे पडून, छातीस टेकविलेला ६० किलोंचा बार आम्ही एकदा वर ढकलीत असू. आणि निवृत्तीकडे झुकलेल्या आमच्या मित्रमंडळीत हा पराक्रम लहान नव्हता. चहाच्या वेळी कोणी गुडघ्यांची, कोणी साखरेची, कोणी सुनेची तक्रार करू लागला, की आम्ही हळूच व्यायामाचा विषय काढावा आणि 'तुम्ही किती उचलता?' हा प्रश्न कोणाच्या तरी तोंडून बाहेर पडेपर्यंत तो सोडू नये, असा क्रम कित्येक महिने चालला होता. उत्तर देताना आम्ही आवाज मुद्दाम बेताचा ठेवीत असू.

ज्या वाचकांचा व्यायामाशी परिचय सूर्यनमस्कारांपुढे गेलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. बार म्हणजे माणसाहून लांब अशी पोलादी दांडी. ती स्वतः २० किलोंची असते आणि तिच्या दोन्ही टोकांस लोखंडी चकत्या, म्हणजे प्लेटा, अडकवितात. डंबेल म्हणजे एका मुठीत मावेल एवढीच आखूड दांडी. ती प्रत्येक हातात स्वतंत्र धरावयाची. बाकावर निजून छातीवरून वजन वर ढकलावयाचे, यास बेंच प्रेस म्हणतात. तो बारानेही करता येतो आणि डंबेलांनीही. स्नायू तेच: छातीचे, खांद्याच्या पुढल्या बाजूचे आणि दंडाच्या मागचे. क्रियाही दिसावयास तीच. तेव्हा एका बारात साठ, तर दोन डंबेलांत तीस-तीस, हे त्रैराशिक कोणीही शाळकरी मुलगा मांडील. आम्हीही ते मनाशी मांडून ठेवले होते. ताडून पाहण्याची गरज मात्र कधी वाटली नव्हती.

ती गरज गेल्या आषाढात पडली, आणि व्यायामशाळेत नव्हे, घरात पडली.

आमची आई चौऱ्याऐंशी वर्षांची आहे. आदल्या वर्षी पडून तिचा खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, पण आधारावाचून उभे राहणे गेले ते गेलेच. सकाळी धाकटा भाऊ आणि सायंकाळी आम्ही, अशी तिला खाटेवरून उचलून खिडकीपाशी खुर्चीत बसविण्याची पाळी ठरलेली होती. एक हात पाठीखाली, दुसरा गुडघ्यांखाली, आणि उचलली. आईचे वजन ४४ किलो. साठ किलो उचलणाऱ्यास ते काय जड? आईस उचलताना आमच्या मनात कर्तव्याइतकीच, खरे सांगावयाचे तर, फुशारकीही असे.

आषाढात पाऊस लागला आणि खाटेजवळची भिंत ओलावली. भावाने खाट उचलून समोरच्या भिंतीस लावली. त्या खटपटीत पूर्वी उजव्या हातास येणारी उशाची बाजू आता डाव्या हातास येऊ लागली. त्या सायंकाळी आम्ही नेहमीप्रमाणे वाकलो, पण पाठीखाली गेला तो डावा हात. माणसाच्या वजनाचा मोठा वाटा धडाचा आणि डोक्याचा. पायांकडची बाजू त्या मानाने हलकी. आई खाटेपासून वीतभर वर आली असेल नसेल, तोच डावे कोपर आपोआप उघडले. ती पुन्हा गादीवर घसरली. पडण्यासारखी पडली नाही, देवाची कृपा; पण जाता जाता नडगी खुर्चीच्या हातास आपटली आणि दुसऱ्या दिवशी तेथे काळेनिळे उमटले. आमच्या तोंडून शब्द फुटेना. आईच म्हणाली, "अरे, मला काही झालं नाही. तुझा हात बघ आधी."

या वाक्याचा अर्थ आम्हांस त्या वेळी कळला नाही. ती घाबरून काहीतरी बोलली असावी, असे वाटले.

आईच्या शुश्रूषेस येणाऱ्या बाईंना हा प्रकार समजला, तेव्हा त्यांनी आमची चांगली कानउघाडणी केली. "दादा, म्हाताऱ्या माणसाला असं तान्ह्या पोरासारखं उचलायचं नसतं," असे म्हणून त्यांनी रीत दाखविली: आधी खाटेच्या कडेस बसवावयाचे, पाय जमिनीस पुरते टेकवावयाचे, आपण समोर गुडघे वाकवून उभे राहावयाचे, दोन्ही हात पाठीमागे नेऊन तिला छातीशी घ्यावयाचे, आणि उचलण्याऐवजी नुसते वळावयाचे. बाई आमच्या खांद्याला लागतील एवढ्याच. पण आई त्यांच्या हातांत अशी वळली की जणू चालत जाऊनच खुर्चीत बसली. येथे विषय संपावयास हवा होता. आईच्या बाबतीत तो संपलाही. पण आमच्या मनात एक हिशोब उरला. साठ उचलणाऱ्याच्या हातून चव्वेचाळीस सुटले कसे?

व्यायामशाळेतील शिक्षक वयाने आमच्या मुलासारखे आहेत. तथापि सारे त्यांना 'सर' म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांनी हकीकत ऐकून घेतली आणि काही न बोलता २५ किलोंची दोन डंबेल्स आमच्या मांड्यांवर आणून ठेवली. "तीस का नाहीत?" असे आम्ही विचारले. ते नुसते हसले. पहिली अडचण अशी की डंबेल्स घेऊन निजणे हीच एक कसरत आहे. बार वर घोडीवर तयार असतो, हात लावला की झाले. डंबेल्स मांडीवरून गुडघ्याच्या धक्क्याने छातीपाशी आणावी लागतात, आणि खऱ्या कामास आरंभ होण्यापूर्वीच थोडी शक्ती खर्च होते. ती आणली. मग ढकलू लागलो. उजवे डंबेल थरथरत का होईना वर गेले. डावे निम्म्यावर थांबले, बाहेरच्या बाजूस कलले, आणि नव्या पायांवर उभ्या राहणाऱ्या वासरासारखे डगमगू लागले. सरांनी ते वरच्यावर धरले म्हणून आमचा खांदा शाबूत राहिला.

शेवटी निकाल असा लागला: दोन्ही हातांत सारखे वजन घेतले, तर २०-२०, म्हणजे एकूण ४०. पुढच्या आठवड्यात वेगवेगळे पाहिले, तेव्हा उजव्याने २७.५ पेलले आणि डाव्याने तेच २०. आमच्या साठांतले वीस किलो कोठे नाहीसे झाले होते.

आता यातला काही भाग सर्वांनाच सोडावा लागतो, हे आम्ही मागाहून वाचले आणि थोडा धीर आला. २०११ मध्ये नॉर्वेतील तीन संशोधकांनी व्यायामाची सवय असलेल्या बारा तरुणांकडून हाच व्यायाम तीन प्रकारांनी करवून घेतला: रुळांत अडकविलेल्या, केवळ वरखाली सरकणाऱ्या बाराने, मोकळ्या बाराने, आणि डंबेलांनी. एकदाच उचलता येईल असे जास्तीत जास्त वजन पाहिले, तर डंबेलांचे एकूण वजन मोकळ्या बारापेक्षा १७ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे आमच्या साठांचे प्रामाणिक पन्नास व्हावयास हवे होते. यास तोल हे एक कारण उघडच आहे. बाराला हातांनी वर न्यावयाचे, एवढेच. डंबेल मात्र आत, बाहेर, डोक्याकडे, पोटाकडे, वाटेल तिकडे जाऊ पाहते. पण केवळ तोलच कारण असता, तर जेथे तोलाचा प्रश्नच नाही अशा रुळांतल्या बाराने सर्वांत अधिक वजन उचलले जावयास हवे होते. तसे झाले नाही. ते मोकळ्या बारापेक्षा सुमारे ३ टक्क्यांनी कमीच होते.

दुसरे कारण अधिक मौजेचे आहे. बार मुठींत घट्ट धरलेला असताना आपण तो नुसता वर ढकलीत नाही. दोन्ही हात एकमेकांपासून दूर फाकविल्यासारखा जोरही त्यावर देत असतो. दांडी अखंड असल्यामुळे हात सरकत नाहीत, आणि कोपर सरळ करणारा दंडामागचा स्नायू आपला पुरता जोर कामी लावू शकतो. डंबेलास असा बाहेरचा जोर द्याल, तर डंबेलच बाहेर निघून जाईल. त्यामुळे तो स्नायू अर्धा बांधल्यासारखा होतो. त्या प्रयोगात स्नायूंतील विद्युत्-हालचाल मोजली होती. छातीच्या स्नायूचे काम तिन्ही प्रकारांत जवळजवळ सारखेच आढळले, दंडामागच्या स्नायूचे डंबेलांत कमी, आणि दंडाच्या पुढल्या स्नायूचे, ज्याचा येथे वस्तुतः काही संबंध नाही असे आपण समजतो, अधिक. तो बिचारा डगमगणारे कोपर सांभाळीत असतो. तेव्हा वजन कमी म्हणजे श्रम कमी, असे समजण्याचे कारण नाही. उभ्याने डोक्यावर वजन नेण्याच्या व्यायामातही असेच काहीसे दिसून आले आहे: उभे राहून डंबेलांनी सर्वांत कमी वजन जाते, आणि खांद्याचा स्नायू त्याच प्रकारात सर्वांत अधिक राबतो.

असो. हा झाला सर्वांवरचा कर, साठांतले दहा. उरलेले दहा आमच्या खासगी खात्यावर होते.

ते कसे साठले हे सरांनी दाखविले. बाराच्या खरबरीत भागात दोन गुळगुळीत वर्तुळे कोरलेली असतात, हातांची पकड मध्यापासून समान अंतरावर पडावी म्हणून. आमच्या व्यायामशाळेतील बारावर त्यांच्यामधील अंतर ८१ सेंटिमीटर आहे. सरांनी आम्हांस नेहमीप्रमाणे बार धरावयास सांगितले आणि मग बोटांकडे पाहा म्हणाले. उजव्या हाताची करंगळीसुद्धा वर्तुळाच्या आत होती. डाव्या हाताची तर्जनीच वर्तुळावर होती. फीत लावून पाहिले: मध्यापासून उजवी मूठ ३६ सेंटिमीटरांवर, डावी ४४ वर. आम्ही किती वर्षे असे धरीत होतो, कोणास ठाऊक.

खांद्यावर कावड घेणाऱ्यास याचे इंगित सांगावे लागत नाही. एक घागर जड असली की तो खांदा त्या बाजूस सरकवितो. दोघांनी वेळूस अडकविलेले ओझे नेताना दोरी ज्याच्याजवळ सरकेल त्याच्या खांद्यावर भार अधिक. बार दोन्ही हातांत बरोबर मध्ये धरला, तर दोन्ही हातांस निम्मानिम्मा भार घ्यावाच लागतो. तेथे उजव्याची मेहेरबानी चालत नाही. पण मध्यच चार सेंटिमीटर उजवीकडे गेला, की साठांपैकी ३३ उजव्यावर आणि २७ डाव्यावर पडतात. आमच्या शरीराने हे गणित आम्हांस न विचारता केव्हाच सोडविले होते. त्याने दोरी सरकविली होती आणि वर आकडा तेवढा आम्हांस दाखविला होता. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. येथे तर दोन मुठी झाकल्या होत्या.

लेखकाने स्वतःस 'आम्ही' म्हणावे ही मासिकांच्या पानांवरची जुनी रीत. तिच्यावर हसणारे हसतात. पण त्या दिवशी बाराकडे पाहताना ती रीत आम्हांस प्रथमच अक्षरशः खरी वाटली. 'आम्ही साठ उचलतो' या वाक्यातील आम्ही खरोखरच दोघे होतो, आणि त्या दोघांत उजवे-डावे होते.

डंबेल या शब्दाचीही येथे आठवण होते. इंग्रजीत त्याचा मूळ अर्थ मुकी घंटा. दोर ओढून घंटा वाजविणारांस जो व्यायाम घडतो तो आवाजावाचून घरी घडावा, म्हणून केलेले ते एक दोराचे साधन होते. 'स्पेक्टेटर' पत्राच्या जोसेफ ॲडिसनने १७११ मध्ये, आपण रोज सकाळी तासभर हा व्यायाम करतो आणि तो निमूटपणे होतो म्हणून आवडतो, अशा आशयाचे लिहिले आहे. पुढे नाव राहिले आणि वस्तू पालटली. आमच्याकडे हे लोखंड येण्यापूर्वी एकेका हातास स्वतंत्र कसणारी साधने नव्हती, असे नाही. मुद्गलांची जोडी ही तीच गोष्ट. उलट जोर काढताना दोन्ही हात जमिनीवर असतात, आणि जमीन म्हणजे जगातला सर्वांत मोठा बार. तेथेही हात हळूच पुढेमागे ठेवून अंग चोरता येते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आरंभी सँडोच्या पद्धतीने व्यायाम करीत आणि नंतर सूर्यनमस्कारांकडे वळून त्यांचे प्रचारक झाले, हे प्रसिद्धच आहे. त्यांच्या नमस्कारांत उजवे-डावे किती होते, हे आता विचारावयाचे कोणास?

आमचा पुतण्या हल्लीच्या मुलांप्रमाणे निकाल देण्यात तत्पर आहे. सारे ऐकून तो म्हणाला, "म्हणजे काका, बार खोटा आणि डंबेल खरं." हे आम्हांस पटले नाही, अद्यापही पटत नाही. साठ किलो छातीवरून वर गेले होते, ही गोष्ट खोटी कशी? कावड वाहणाऱ्याने खांदा सरकविला म्हणून पाणी घरी आले नाही असे कोणी म्हणत नाही. शिवाय एकेकटा हात हाच खरा आणि दोन्ही मिळून काही नाही, असे धरले, तर त्यातही अडचण आहे. १९६१ मध्ये हेन्री आणि स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी मुठीचा जोर मोजला, तेव्हा दोन्ही मुठी एकदम आवळल्या असता हाताचा जोर एकट्याने आवळण्यापेक्षा किंचित कमी भरतो, असे आढळले. मनुष्य एकटा अधिक जोर करतो, संगतीत थोडा ढिला पडतो. हे हातांच्या बाबतीतही खरे निघावे, याची गंमत वाटते. तेव्हा हाताचा खरा जोर कोणता, एकट्याचा की जोडीचा? बाराचा आकडा एका प्रश्नाचे उत्तर आहे, डंबेलाचा दुसऱ्या प्रश्नाचे. आमची चूक एवढीच, की एका प्रश्नाचे उत्तर आम्ही दुसऱ्या जागी, आईच्या पाठीखाली, घेऊन गेलो.

तथापि डावा हात असा का, हा प्रश्न राहिलाच होता, आणि तो आम्ही सरांस विचारला, डॉक्टरांस विचारला, सर्वांच्या शेवटी आईस विचारला. ती आश्चर्याने आमच्याकडे पाहू लागली. "विसरलास?" ती म्हणाली. नवव्या वर्षी आम्ही चिंचेवरून पडलो होतो आणि डावा हात कोपराशी मोडला होता, एवढे आम्हांस अंधुक आठवत होते. चिंच आठवत होती, शाळा बुडाल्याचा आनंदही आठवत होता. हाडवैद्याने हात बांधला, तो सुटला तेव्हा पुरता सरळ होईना, आणि आईने पुढे सहा महिने रोज रात्री तिळाचे तेल कोमट करून तो चोळला, आम्ही रडून घर डोक्यावर घेत असू, हे तिने सांगितले तेव्हा कळले. आरशासमोर दोन्ही हात लांब करून पाहिले. डावा अजूनही थोडा वाकलेला आहे. चव्वेचाळीस वर्षे तो आमच्याच अंगाला होता, आणि त्याची खबर आम्हांस नव्हती. खाटेवर घसरलेल्या आईस त्या क्षणी होती.

त्यानंतर सहा महिने आम्ही बारास हात लावला नाही. सरांनी घालून दिलेला नियम सोपा आणि अपमानकारक आहे: आरंभ डाव्याने करावयाचा, डावा जितके वेळा उचलील तितकेच वेळा उजव्याने उचलावयाचे, आणि उजव्यास अधिक येत असले तरी त्याने थांबावयाचे. या थांबण्याचा उजव्यास राग येतो असे आम्हांस खरोखर वाटते. व्यायामशाळेतील डंबेल्स अडीच-अडीच किलोंच्या पायऱ्यांनी चढतात; दोन्ही हात मिळून ही पायरी पाच किलोंची होते, म्हणून वाट फार सावकाश सरते. आज २२.५ ची जोडी निघते. हा आकडा चहाच्या वेळी सांगण्यासारखा नाही. ऐकणारास तो साठांच्या मानाने घसरण वाटतो, आणि वर्तुळे, करंगळी, कावड हे सारे समजावून सांगेपर्यंत चहा निवतो.

भिंत वाळली, भावाने खाट पूर्वीच्या जागी नेली. आईस आता आम्ही बाईंनी शिकविल्याप्रमाणेच घेतो: कडेस बसवितो, पाय टेकवितो, समोर वाकतो. दोन्ही हात तिच्या पाठीमागे जाण्यापूर्वीच ती आपले डोके आमच्या उजव्या खांद्यावर टेकविते आणि सारा भार त्या अंगास टाकते. डावाही आता बरा आहे, असे आम्ही तिला दोनदा सांगितले. ती "हो" म्हणते, आणि उजवीकडेच झुकते.